दुखलं तर सांगा, मामा

कुंडलिकमामांना झटका आला तेव्हा मंगळवेढ्याच्या रानात ज्वारीची काढणी चालली होती. पाणी प्यायला म्हणून ते बांधावर बसले आणि परत उठायला गेले तर उजवं अंग ऐकेना. सोलापूरच्या दवाखान्यातून बाहेर पडेपर्यंत पाय बऱ्यापैकी परत आला, काठीच्या आधारानं घरातल्या घरात चालता येऊ लागलं. बोलणं जरा जड झालं, पण कळत होतं. हात मात्र आला नाही. कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा तो मांडीवर पडून असायचा.

मुलगा इंद्रजीत त्यांना आणि आईला, म्हणजे रंभाबाईंना, जुळे सोलापुरातल्या आपल्या फ्लॅटवर घेऊन आला. इंद्रजीत शेतकी खात्यात होता, नोकरी माढ्याला. सकाळी अंधारातच एसटीला जायचा. त्याची बायको अंकिता मेकॅनिकल इंजिनिअर. माहेर मैंदर्गीचं, शिक्षण सोलापुरात आणि नोकरी चिंचोळीच्या एमआयडीसीत. तिची कंपनी ट्रिमर आणि दाढीची इलेक्ट्रिक मशिनं बनवायची. अंकिता तिथं डिझाइन विभागात होती.

दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी गोळ्या समजावून सांगितल्या. रक्त पातळ ठेवण्याची एक गोळी आता कायमची होती. "त्यामुळे वस्तरा, ब्लेड बंद. कापलं तर रक्त लवकर थांबणार नाही. दाढी मशीननंच करायची," ते म्हणाले.

"मशीन काय, घरातच हाय की," रंभाबाई लगेच म्हणाल्या. "आमची सून तेच बनवती."

अंकिताला बरं वाटलं. दवाखान्याच्या त्या सगळ्या दिवसांत तिला काही करता आलं नव्हतं. इंजेक्शनं नर्स देत होत्या, फिजिओथेरपी दुसरं कुणी करत होतं, सासऱ्यांची उठबस इंद्रजीत करत होता. आता निदान एक गोष्ट तिच्या हातातली होती. कंपनीचं सगळ्यात नवं मशीन ती घरी घेऊन आली. त्याच्या दांड्याचा आकार तिनंच काढलेला होता.

पहिल्या रविवारी इंद्रजीतनं वडिलांना बाल्कनीत खुर्चीवर बसवलं, गळ्यात टॉवेल गुंडाळला आणि मशीन सुरू केलं. रंभाबाई कौतुकानं बघत उभ्या राहिल्या. फेस नाही, पाणी नाही, नुसतं गालावरून फिरवायचं. मामांचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट आवळला गेला. मशीन हनुवटीखाली गेलं तसं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आबा, दुखतंय का?"

"न्हाय. बरं हाय की."

आजारपणात डोळ्यांतून असं पाणी येतंच, असं अंकितानं स्वतःची समजूत घातली.

पुढं अवकाळी पाऊस आणि गारा झाल्या. पंचनाम्यांच्या कामात इंद्रजीतचे रविवारही माढ्यातच जायला लागले. मग मशीन रंभाबाईंच्या हातात आलं. जन्मभर भाकरी थापलेला हात तो. केस कापले न जाता मशीनच्या डोक्यावरच्या जाळीखालून निसटले की त्या आणखी दाबायच्या, आणि दाबलं की आणखी निसटायचे. दोन-तीनदा झाल्यावर मामांच्या गळ्यावर बारीक लाल पुरळ उठलं. तरी विचारलं की ते 'बरं हाय'च म्हणायचे. फक्त मशीनचा आवाज झाला की भिंतीकडे तोंड करून निजायचे. "आज नगं. उद्या बगू." उद्या आलं की तेच.

दाढी वाढली. पांढरी, विरळ, गळ्यापर्यंत उतरलेली. सकाळी बाल्कनीत बसून खालचा रस्ता बघायची त्यांना सवय लागली होती, ती बंद झाली. जेवायलासुद्धा ते बाहेर येईनात. रंभाबाई ताट आत नेऊन द्यायच्या.

अशात एका रविवारी मंगळवेढ्याहून बिभीषण आले. बांधाला बांध लागून असलेला शेजारी आणि लहानपणापासूनचा सोबती. खांद्यावर नव्या ज्वारीची पिशवी, पायात धुळीनं भरलेल्या वहाणा. दारातूनच त्यांनी आवाज दिला, "कुंडलिका, कुटं हायस रं?"

आतल्या खोलीत मामांनी आवाज ऐकला आणि डाव्या हातानं चादर डोक्यावरून ओढून घेतली. "झोपलोय म्हनून सांग," ते रंभाबाईंना म्हणाले.

"आवं, येवड्या लांबनं आल्यात ते."

"सांग म्हनलं ना."

बिभीषण हॉलमध्ये बसले. चहा झाला, पोहे झाले. "उटू द्या की निवांत. मला काय घाई न्हाय," असं म्हणून त्यांनी समोरचा पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. मग पंख्याकडे बघत बसून राहिले. उन्हं कलायला लागली तसं गाडी चुकेल म्हणून उठले. जाताना खोलीच्या बंद दारापाशी थांबले आणि झोपलेल्या माणसाला सांगावं तसं हळू नाही, चांगलं मोठ्यानं म्हणाले, "जातो रं कुंडलिका. तब्बेतीला जप."

अंकिता पाण्याचा तांब्या घेऊन आत गेली. मामा जागे होते. चादर छातीपर्यंत खाली आली होती आणि ते छताकडे बघत होते.

"मामा, का नाही भेटलात?"

त्यांनी डावा हात गालावर नेला. "ह्या अवतारात? त्यानं मला असं कदी बगितलं न्हाय. आई गेली तवा बी दुसऱ्या आठवड्यात दाढी करून रानात हुतो मी."

"मग दाढी करू या की. मशीन आहे घरात."

अंकिताला वाटलं, आता ते पुन्हा भिंतीकडे वळणार.

"त्यानं वढतंय, पोरी," ते म्हणाले. "केस उपटल्यावानी. मागनं आग आग हुती दिवसभर."

"पण तुम्ही तर प्रत्येक वेळी बरं आहे म्हणत होता!"

"तुज्या कंपनीचं हाय ते. तू हौसेनं आनलंस. नावं कशी ठिवायची?"

अंकिता तांब्या ठेवून बाहेर आली. स्वयंपाकघरात जाऊन तिनं मशीन सुरू केलं आणि आपल्या हनुवटीखाली, मानेवरच्या मऊ कातडीवर जरा दाबून फिरवलं. केस नव्हतेच तिथं, तरी एका जागी कातडी चिमटल्यासारखी झाली. तिनं ते झटकन बाजूला घेतलं. हा दांडा तिनं कितीतरी महिने घासून-तासून गोल केला होता. गालाला काय वाटतं हे तिला कागदावरच्या आकड्यांवरून माहीत होतं, आणि ते आकडे चांगले होते.

ते आकडे आले कुठून, हे दुसऱ्या दिवशी कंपनीत गेल्यावर ती नीट बघायला बसली. चाचणीची खोली एसीची होती. चाचणी करणारे म्हणजे ऑफिसातली आणि शॉपफ्लोअरवरची तरणी माणसं, रोज दाढी करणारी. घट्ट कातडी, एका दिवसाचे उभे खुंट आणि ज्यानं-त्यानं आपल्या हातानं फिरवलेलं मशीन. अशा गालावर ते लोण्यासारखं चालत होतं. मामांची कातडी सैल, केस चार-पाच दिवसांचे आणि आडवे पडलेले, वर एप्रिलमधला सोलापूरचा घाम, आणि मशीन दुसऱ्याच्या हातात. दुसऱ्याच्या हाताला, आपण किती दाबतोय हे कळतच नाही. केस जाळीच्या भोकात शिरत नाहीत म्हणून माणूस दाबतो आणि दाबलं की केसाऐवजी कातडी भोकात शिरते.

विभागाचे प्रमुख गंगाधरसर निवृत्तीला आले होते. शांत माणूस. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं.

"म्हाताऱ्या माणसांसाठी वेगळं मॉडेल म्हटलं तर वरचे लोक दारातही उभं करणार नाहीत, अंकिता."

"वेगळं नको, सर. हेच मॉडेल मऊ करायचंय. कुणी कितीही दाबलं तरी गालावर ठरावीकच जोर यायला हवा. नुसतं बोलत नाही, करून दाखवते. मला सुटे भाग बनवायला थ्रीडी प्रिंटर वापरू द्या आणि बाद झालेली चार-सहा मशिनं द्या."

सरांनी चष्मा पुसला. "घे. पण तपासणार कुणावर?"

"सासऱ्यांवर," ती म्हणून गेली. त्यांना विचारायचं अजून बाकीच होतं.

संध्याकाळी तिनं घरी विषय काढला तेव्हा रंभाबाईंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"सुनेनं सासऱ्याच्या गालाला हात लावायचा? आनि मी काय मेले का?"

"आत्या, तुम्ही करता तेव्हा मला नुसतं बघायला मिळतं. कुठं अडतं, कुठं ओढतं ते हातालाच कळतं. आणि एक हात कातडी ताणायला लागतो."

"गावात कळलं तर काय म्हनतील?"

"गावात सांगायचं कशाला, आई?" इंद्रजीत म्हणाला. मग वडिलांकडे बघून जरा चाचरत म्हणाला, "आबा, तुम्हाला नको असेल तर राहू दे."

मामांनी डोळे मिटून घेतले होते. अंकिता त्यांच्यासमोर जाऊन बसली. लग्नाला सहा वर्षं होत आली होती. गावी गेलं की पाया पडणं, ताट वाढणं आणि खाली मान घालून विचारलेल्याला उत्तर देणं एवढाच त्यांचा संबंध.

"मामा, माझे वडील अंथरुणावर असते तर मी त्यांची केली असती की."

मामांनी डोळे उघडले. "कर मग."

"पण एक अट आहे. 'बरं हाय' म्हणायचं नाही. दुखलं तर दुखलं म्हणा, ओढलं तर ओढलं म्हणा. तुम्ही बरं म्हणालात की माझं काम तिथंच थांबतं. मला वाटतं, झालं सगळं चांगलं."

"तुला राग न्हाय येनार?"

"नाही येणार."

पहिल्या दिवशी तिनं खुर्ची उजेडाकडे वळवून घेतली. डाव्या हाताच्या दोन बोटांनी तिनं मामांच्या जबड्याखालची कातडी ताणली. कातडी रापलेली होती, वर खडबडीत आणि खाली एकदम पातळ. तिच्या बोटांखाली शीर उडत होती. आधी ट्रिमरनं लांब केस उतरवून घेतले, मग मशीन हलकं टेकवलं. जीव एकवटला की ती माहेरच्या कानडीत पुटपुटायची, तशी आताही हळू, हळू अशा अर्थानं पुटपुटायला लागली, "मेल्लग, मेल्लग."

मामांचं पोट हललं. ते हसत होते. "बैल हाय का मी? शिवेपल्याडच्या बाजारात खोंडाला असंच चुचकारत्यात. मेल्लग, मेल्लग."

रंभाबाई दारात तोंड फुगवून उभ्या होत्या. त्यांनाही हसू आवरेना.

"दुखलं?" अंकितानं विचारलं.

"बरं…" मामा सवयीनं म्हणाले आणि थांबले. "न्हाय. हितं, कानाखाली. हितं वढलं."

असं सुरू झालं. अंकितानं आधी जाळीखाली मऊ स्प्रिंग बसवली, म्हणजे दाबल्यावर जाळीचं डोकं आत जाईल. ते इतकं आत जायला लागलं की केसच कापेनात. मामा म्हणाले, "आता दुखत न्हाय, पर ह्याच्यापेक्षा हातानं गोंजारल्यालं बरं." मग तिनं जाळीभोवती एक कडं केलं. ठरावीक जोरापलीकडे दाबलं की जाळी कड्याच्या आत बसायची आणि पुढचा सगळा दाब ते कडं गालावर पसरून घ्यायचं. कल्पना चांगली होती, पण कडं गुळगुळीत केलं होतं आणि घामानं ओल्या कातडीला ते चिकटून ओढायला लागलं. "बैलगाडीचं चाक चिखलात रुतल्यावानी वाटतंय," मामांनी सांगितलं. अशी सांगण्याची त्यांना आता गोडी लागली होती. दाढी नसली तरी ते खोलीतून हाक मारायचे, "अंकिता, कालच्या त्या मशीनीचं एक सांगायचं राहिलं बग."

आडव्या पडलेल्या केसांसाठी तिनं जाळीच्या पुढं बारीक कंगव्यासारखी एक पट्टी लावली. केस उचलून पात्याकडे द्यायचे, एवढंच तिचं काम. पट्टीच्या एका दाताची कड नीट घासली गेली नव्हती, हे अंकिताला दिसलं नाही. पहिल्याच फेऱ्यात हनुवटीच्या खाचेत ती रुतली.

जखम तांदळाच्या कणीएवढी होती. पण रक्त थांबेना. कापूस लावला, तो भिजला. दुसरा लावला, तोही भिजला. इंद्रजीत माढ्याला होता. रंभाबाईंचा आवाज चढला. "बास झालं तुजं! मानूस हाय त्यो. कंपनीतली वस्तू न्हाय खालीवर करून बगायला!" अंकिता कापूस दाबून धरून उभी राहिली, आणि तिच्या तळहाताला मामांची हनुवटी हलताना जाणवत होती, कारण ते रंभाबाईंना गप्प बसायला सांगत होते. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, दाबून धरा, हात उचलू नका. अखेर रक्त थांबलं. टॉवेलवर मोठा डाग पडला होता.

संध्याकाळी इंद्रजीत आला, सगळं ऐकलं आणि शांतपणे म्हणाला, "अंकिता, आता नको. दाढी वाढली तर वाढू दे."

तिनं सगळे सुटे भाग डब्यात भरले आणि डबा कपाटात टाकला. कंपनीत गंगाधरसरांनी विचारलं तेव्हा "थांबलंय, सर" एवढंच सांगितलं. सरांनी तिच्या टेबलावर मऊ कडेचे दोन-तीन वेगवेगळे प्लास्टिकचे तुकडे आणून ठेवले आणि निघून गेले. ती त्या तुकड्यांकडे दिवसभर बघत राहिली, हात लावला नाही.

जखमेवरची खपली पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामा काठी टेकत स्वतः स्वयंपाकघराच्या दारात आले. अंकिता डब्यात भाजी भरत होती.

"तुजी ती पेटी कुटं हाय?"

"मामा, नको आता."

"तू म्हनलीस, दुखलं तर सांग. मी सांगितलं. आता ऐकून घिऊन तू गप बसनार व्हय?" त्यांना दम लागला, म्हणून दाराला टेकले. "दवाखान्यात धा मानसं माज्या अंगाला हात लावून गेली. कुनी इचारलं न्हाई, कुटं दुखतंय, कसं दुखतंय. तू इचारतीस. ते बंद करू नगंस."

रंभाबाई ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. वळल्या नाहीत, पण म्हणाल्या, "कर. पर आदी त्या दातावरनं माजं बोट फिरीव. मला टोचलं न्हाय तर त्यास्नी लाव."

तेव्हापासून प्रत्येक नवी पट्टी आधी रंभाबाईंच्या बोटावरून फिरायची. कड्याला अंकितानं बारीक उभ्या रेघा पाडल्या. रेघांमुळे ओल्या कातडीला ते चिकटेना. कंगव्याचे दात गोलसर केले. मोटरचा वेग थोडा उतरवला, जाळी तापायची कमी झाली. दांड्यालाही मधे वळण दिलं, समोरच्या माणसाची दाढी करणाऱ्याला चमचा धरल्यासारखा धरता येईल असं.

जूनच्या एका सकाळी मामा पूर्ण दाढी होईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. अंकिता घाबरली. "मामा, काही सांगा की."

"शोधतोय," ते म्हणाले. "कुटं दुखतंय ते शोधतोय. गावंना."

रंभाबाईंनी भांड्यांच्या फळीवरचा छोटा आरसा आणून त्यांच्या हातात दिला. मामांनी एक गाल बघितला, मग दुसरा. मिशीला डाव्या हातानं जरा वळण द्यायचा प्रयत्न केला. मग म्हणाले, "बिभीषनाला फोन लाव."

बिभीषण त्याच आठवड्यात आले आणि त्या दिवशी हॉलमधून हसण्याचे आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेले.

पण सांगायची सवय एकदा लागली की ती दाढीपुरती राहत नाही. एकदा इंद्रजीत जेवायला बसला असताना मामा म्हणाले, "इंद्रजीत, मला हितं करमत न्हाय." इंद्रजीतचा घास हातातच राहिला. आबांना इथं बरं आहे, डॉक्टर जवळ, दुकानं जवळ, असं तो गावातल्या प्रत्येकाला सांगत आला होता. "तुमी लई करताय आमचं. त्यात काय खोट न्हाय. पर सकाळी डोळं उगडलं की भिंत दिसती. मला रान दिसाया पायजे. काम व्हनार न्हाय, ते मला कळतंय. नुसतं दिसाया पायजे."

"आधी का नाही बोललात, आबा?"

"तुला वाईट वाटंल म्हनून."

इंद्रजीतला वाईट वाटलंच. तो दोन दिवस घुम्यासारखा होता. तिसऱ्या दिवशी त्यानं मंगळवेढ्यातल्या एका फिजिओथेरपिस्टचा नंबर मिळवला आणि गावच्या घराच्या पायऱ्यांना कठडा बसवायला गवंडी सांगितला.

कंपनीतही गोष्टी पुढं सरकल्या होत्या. गंगाधरसरांनी आपल्या जबाबदारीवर एक मोठी चाचणी ठेवली. कामगारांच्या घरची वयस्क माणसं बोलावली, सोबत त्यांची दाढी करणारं घरचं माणूस. सरांनी एसी बंद करायला लावला. खोलीत पाऊस दाबून ठेवलेल्या दुपारचा उकाडा भरला. दाढी झालेल्या पहिल्या आजोबांना मार्केटिंगच्या साहेबांनी विचारलं, "कसं वाटलं?"

"छान. एकदम छान."

दुसरेही छान म्हणाले. तिसरेही. अंकिताला ऐकून आनंद व्हायला हवा होता, पण तिचा चेहरा पडत चालला. कोपऱ्यातल्या खुर्चीत मामा बसले होते. त्यांनी काठी फरशीवर आपटली.

"आवो पावनं, ह्ये लगीन न्हाय छान छान म्हनाया. त्या पोरीला खरं पायजे. मी बी आदी असंच म्हनत हुतो. माजा गळा सोलला तरी बरं हाय म्हनत हुतो. तुमचा हात धरून कुनी हाकलनार न्हाय. दुखतंय तितं बोट ठिवा."

खोलीत हशा पिकला. पहिले आजोबा ओशाळले, मग त्यांनी नाकाखाली बोट ठेवलं. "हितं जरा… डोकं मोठं पडतंय. मिशीच्या कडेला बसत नाही." दुसऱ्यांच्या सुनेनं सांगितलं की बटण गुळगुळीत आहे, तेलकट हातानं दाबलं जात नाही. तिसरे कानाला हात लावून म्हणाले, "आवाज. माझं यंत्र आहे कानात, त्यात हे भुंग्यासारखं वाजतं." पुढचा तासभर कुणी थांबायला तयार नव्हतं. मार्केटिंगचे साहेब आधी कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. नंतर स्वतःच खुर्ची ओढून एका आजोबांच्या समोर जाऊन बसले.

निर्णय पावसाळ्याच्या शेवटी झाला. मऊ डोकं, रेघांचं कडं आणि गोल दातांची पट्टी पुढच्या मालात सगळ्याच मशिनांना बसणार होती. तरण्या गालांनाही ते चांगलंच होतं. वळणाच्या दांड्याला मात्र नकार आला. एवढ्यासाठी नवा साचा करणं कंपनीला जमणार नव्हतं.

"निम्मंच झालं," अंकिता गंगाधरसरांना म्हणाली.

"माझ्या इतक्या वर्षांत निम्मंसुद्धा क्वचित झालं," सर म्हणाले. "दांडा पुढच्या वर्षी परत मांड. मी नसेन, पण तू असशील."

घरी आल्यावर तिनं मामांना सांगितलं. दांड्याचं ऐकून ते म्हणाले, "तुला वाईट वाटलं का?"

"वाटलं की."

"मग ते बी त्यास्नी सांग."

ज्वारीच्या पेरणीआधी मामा आणि रंभाबाई गावी परतले. जाताना अंकितानं आपल्या हातानं बनवलेलं वळणाच्या दांड्याचं मशीन रंभाबाईंच्या पिशवीत ठेवलं आणि हलकं कसं धरायचं ते परत परत दाखवलं. "मला शिकवू नगंस आता," रंभाबाई म्हणाल्या. निघताना मात्र त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

महिन्याभरानं एका दुपारी अंकिता कंपनीत असताना फोन वाजला. रंभाबाई होत्या. मागून कुठूनतरी ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"पेरनी झाली. त्ये बांदावर खुर्ची टाकून बसत्यात, बिभीषनबापू असत्यात संगट. आगं पर मी वेगळ्यासाठी फोन केलाय. त्या मशीनीत केस साठत्यात बग, आनि ते टोपान काय उगडत न्हाय. माजी नखं मोडली. मातीत काम केल्याल्या बोटाला ते धरायाच येत न्हाय."

"कुठल्या बाजूचं, आत्या? जाळीचं की मागचं?"

"जाळीचं. लई घट हाय."

"थांबा हं, फोन ठेवू नका." अंकितानं टेबलावरचं मशीन हातात घेतलं, नखं न लावता नुसत्या बोटांच्या पेरांनी टोपण काढून बघितलं. निघालं नाही. तिनं फोन खांद्याला आणि कानाला धरला, ड्रॉवरमधून मार्कर काढला आणि टोपणाच्या कडेला, जिथं बोट अडकायला खाच हवी होती, तिथं खूण केली.

"सांगा, आत्या. तुमचं कुठलं बोट लागतं तिथं?"